बिल्डरकडून एक्स्ट्रा वर्क घेताना: काय आत्ता, काय नंतर, काय अजिबात नको

पुण्यात नवा फ्लॅट बुक केल्यावर बहुतेक घरांत एक्स्ट्रा वर्कचा, म्हणजे बिल्डरला जास्तीचे पैसे देऊन करून घेतलेल्या बदलांचा, विचार उलट्या क्रमाने होतो. सॅम्पल फ्लॅट बघून आल्यावर आधी हॉलच्या टाइल्स ठरतात, मग ट्रॉल्या, मग बाथरूमचे नळ. ड्राय बाल्कनीत वॉशिंग मशिनचा पॉइंट कुठे आहे, हा प्रश्न पझेशनच्या दिवशी पडतो. तोवर भिंत बंद झालेली असते आणि जे काम आधी काही शे रुपयांत झालं असतं, त्यासाठी फोडाफोड करावी लागते.

एक नियम धरून चाला. जे भिंतीत, स्लॅबमध्ये किंवा वॉटरप्रूफिंगच्या खाली जाणार आहे, ते बिल्डरकडूनच आणि वेळेत करून घ्या. जे वरून लावता-काढता येतं, ते नंतर स्वतः बघा. खालचे टप्पे याच नियमाने लावले आहेत आणि त्यांचा क्रम महत्त्वाचा आहे.

## टप्पा १ : दरपत्रक मागण्याआधी तीन गोष्टी हातात घ्या

करारनाम्याचं स्पेसिफिकेशनचं पान. करारनाम्याच्या जोडपत्रात फ्लॅटमध्ये काय-काय मिळणार याची यादी असते. ती प्रिंट करा आणि प्रत्येक ओळीसमोर मेक (कंपनी), माप आणि संख्या लिहिली आहे का ते बघा. ‘नामांकित कंपनीचे नळ’ एवढंच लिहिलं असेल, तर नक्की कोणत्या कंपनीचे आणि कोणत्या मालिकेतले हे ईमेलवर विचारा. रेरा (स्थावर मालमत्ता नियमन) कायद्याच्या कलम १४ प्रमाणे कबूल केलेली फिटिंग्ज आणि सुविधा बिल्डरला तुमच्या संमतीशिवाय बदलता येत नाहीत. म्हणून जे आधीच कबूल आहे, तेच अपग्रेडच्या यादीत पैसे लावून आलेलं नाही ना, हे पडताळा. ब्रोशरची प्रतही जपून ठेवा.

बांधकामाची पद्धत. साइट इंजिनिअरला सरळ विचारा: भिंती विटांच्या आहेत, एएसी ब्लॉकच्या (हलक्या, सच्छिद्र सिमेंटच्या ठोकळ्यांच्या) आहेत की मिवान? सध्या पुण्यातल्या बऱ्याच उंच इमारती अ‍ॅल्युमिनियम फॉर्मवर्कने, म्हणजे बोलीभाषेत मिवानने, उभ्या राहतात. त्यात भिंत आणि स्लॅब काँक्रीटमध्ये एकदमच ओततात आणि वायरिंगचे पाइप आधीच सळईच्या जाळीत बांधलेले असतात. वीट किंवा ब्लॉकच्या भिंतीत नंतर पाइपासाठी झिरी (खाच) मारता येते. मिवानची भिंत मात्र इमारतीचा भार घेते, तिला झिरी मारायची नसते. त्यामुळे मिवान असेल, तर पॉइंट ठरवण्याची मुदत पझेशनच्या आधी नव्हे, तर तुमच्या मजल्याचं काँक्रीट पडण्याच्या आधी संपते.

मुदतीची तारीख. ‘तुमच्या मजल्यावर काम कुठवर आलंय आणि कोणता बदल कधीपर्यंत चालेल?’ याचं उत्तर सेल्स ऑफिसकडून तोंडी घेऊ नका. इलेक्ट्रिक, प्लंबिंग, टाइल्स आणि दरवाजे-खिडक्या यांच्या वेगवेगळ्या तारखा ईमेलवर मागवा.

> सावध : ‘अजून वेळ आहे, नंतर बघू’ हे उत्तर अर्धवट आहे. टाइल्सना वेळ असेलही, पण पाइपांना नसेल.

## टप्पा २ : प्लॅनवर सामान मांडा

फ्लॅटच्या प्लॅनची मोठी प्रिंट काढा. बेड, कपाट, सोफा, टीव्ही, फ्रिज, देव्हारा, अभ्यासाचं टेबल, वॉशिंग मशिन असं सगळं मापाने कागदावर कापा आणि प्लॅनवर ठेवा. आत्ताच्या घरातलं जे सामान बरोबर नेणार आहात, त्याची मापं टेपने घ्या. एक संध्याकाळ जाईल, पण पुढचा प्रत्येक निर्णय यावरच उभा आहे.

मग सकाळपासून रात्रीपर्यंतचा दिवस त्या कागदावरून फिरवा. मोबाइल कुठे चार्ज होतो? मिक्सर कुठे फिरतो? आजी-आजोबा घरात असतील, तर रात्री बाथरूमला जाताना दिव्याचं बटण कुठे हवं? बेडजवळ आणि दाराजवळ असं दोन्हीकडून चालणारं टू-वे बटण याच वेळी ठरतं. दार उघडल्यावर त्याच्या मागे झाकलं जाणारं बटण आणि कपाटामागे गेलेला सॉकेट या दोन्ही चुका इथेच पकडता येतात.

स्वयंपाकघराचा कागद मात्र घरात जो रोज स्वयंपाक करतो, त्याच्याबरोबर बसून करा. ओट्याची उंची त्या माणसाच्या उंचीवरून ठरली पाहिजे. ताठ उभं राहून कोपर वाकवल्यावर ओटा कोपराच्या साधारण चार इंच खाली आला, तर पोळ्या लाटताना पाठ वाकत नाही. बिल्डरचा ओटा सगळ्या फ्लॅटना एकाच मापाचा असतो, पण वेळेत सांगितलं तर एक-दोन इंचांचा फरक बहुधा करून मिळतो.

## टप्पा ३ : बंद होणारी कामं आधी घ्या

पैसे खर्च करण्याची खरी जागा ही आहे. बजेट शंभर रुपयांचं असेल, तर मी बहुतेक रुपये इथे टाकेन, जरी पाहुण्यांना यातलं काही दिसणार नसलं तरी.

वीज. ओट्यावर दोन सॉकेट कुठल्याच घराला पुरत नाहीत. मिक्सर, मायक्रोवेव्ह, इंडक्शन, पाण्याचा फिल्टर, चिमणी, फ्रिज आणि पुढे कधीतरी डिशवॉशर यांची जागा आत्ताच धरा. इंडक्शन, ओव्हन आणि डिशवॉशरला १६ अँपिअरचे सॉकेट लागतात. एसी आणि गीझरला स्वतंत्र सर्किट आणि ४ चौरस मिमीची वायर आहे का, हे विचारा. डीबीमध्ये (विजेच्या मुख्य पेटीत) ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळताच ती तोडणारा स्विच) आहे का हेही बघा, कारण शॉकपासून माणसाला तोच वाचवतो. नसेल तर हे अपग्रेड बिनचर्चा घ्या. दोन-तीन एसी आणि इंडक्शन वापरणार असाल, तर तुमच्या फ्लॅटसाठी महावितरणकडे किती मंजूर भार मागितला आहे, हेही माहीत हवं.

इन्व्हर्टरचं वायरिंगही याच गटातलं. इमारतीचा जनरेटर बहुतेक ठिकाणी लिफ्ट, पंप आणि कॉमन दिव्यांपुरता असतो. फ्लॅटच्या आत तो किती पुरवतो ते विचारा. काहीच पुरवत नसेल, तर दिवे, पंखे आणि वाय-फाय यांचं वेगळं सर्किट आणि बॅटरीला हवेशीर जागा आत्ताच ठरवा.

सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी एक्स्ट्रा वर्क म्हणजे रिकामे पाइप. टीव्हीच्या मागून खालच्या युनिटपर्यंत एक जाड पाइप, शाफ्टपासून (इमारतीच्या वायरी-पाइप जातात त्या उभ्या पोकळीपासून) राउटरच्या जागेपर्यंत एक, तिथून अभ्यासाच्या टेबलापर्यंत एक. आत्ता त्यात काही घालायची गरज नाही. दहा वर्षांनी जी वायर लागेल, ती यातून ओढता येईल.

एसी. पहिल्या वर्षी एसी घेणार नसाल तरी पाण्याच्या ड्रेनची लाइन आणि तांब्याच्या पाइपची वाट ठरवून ठेवा. ड्रेनच्या पाइपला ढाळ नसेल, तर पाणी उलट भिंतीवर येतं. आउटडोअर युनिट कुठे बसेल आणि मेकॅनिकला तिथवर पोचता येईल का, हेही बघा. चिमणीच्या डक्टचं भोक आणि महाराष्ट्र नॅचरल गॅसची लाइन येणार असेल, तर त्या पाइपची वाटही याच यादीत घाला. मिवानच्या भिंतीत नंतर कोअर कटिंग (मशिनने गोल भोक पाडणं) करावं लागतं आणि ते बीममधून किंवा कॉलममधून कधीच करायचं नसतं.

पाणी. पुण्याच्या कडेच्या भागांतले बरेच प्रकल्प सुरुवातीची काही वर्षं टँकर किंवा बोअरच्या पाण्यावर चालतात. त्या जड पाण्याचे पांढरे थर नळांच्या तोंडावर बसतात. बारीक भोकांचे मोठे रेन शॉवर आणि नाजूक चकचकीत नळ अशा पाण्यात लवकर तुंबतात. म्हणून दिसणाऱ्या नळांवर पैसे घालण्यापेक्षा भिंतीतल्या डायव्हर्टरवर (पाणी शॉवरकडे किंवा नळाकडे वळवणाऱ्या भागावर) घाला. तो चांगल्या कंपनीचा, सुटे भाग सहज मिळणारा हवा, कारण तो बदलायचा म्हणजे टाइल फुटते. वरचा शॉवर कधीही बदलता येतो.

सोलरचं गरम पाणी किती बाथरूमना दिलं आहे ते विचारा. अनेक ठिकाणी ते एकाच बाथरूमला असतं आणि सकाळचे काही तासच येतं. दुसऱ्या बाथरूमला लाइन हवी असेल तर ती टाइल्सच्या आधी. वॉशिंग मशिन आणि डिशवॉशरला पाण्याची लाइन, सांडपाण्याची वाट आणि सॉकेट अशा तीन गोष्टी लागतात. यादीत पहिली आणि तिसरी असते, मधली राहून जाते.

बाथरूमची फरशी. इथे माझं मत ठाम आहे: बाथरूमची फरशी बदलायची असेल, तर बिल्डरकडून आत्ता बदला, नाहीतर आहे तीच ठेवा. पझेशननंतर ती फोडली की खालचं वॉटरप्रूफिंग फुटतं, खालच्या घराच्या छताला ओल येते आणि त्या गळतीची जबाबदारी बिल्डर तुमच्यावर ढकलतो. ‘फ्लॅटधारकाने बदल केल्यास दुरुस्तीची जबाबदारी नाही’ अशी अट अनेक करारनाम्यांत असते. अँटिस्किड टाइल्स करारात नसतील तर तेवढं अपग्रेड घ्या. भिंतीवर नक्षीच्या टाइल्स घेण्याची मात्र गरज नाही.

चौकटी आणि खिडक्या. स्लायडिंग खिडकी दोन ट्रॅकची असेल, तर मच्छरदाणीची जाळी नंतर नीट बसत नाही. तीन ट्रॅकची फ्रेम आत्ता घेतली, तर जाळी पुढे कधीही लावता येते. सेफ्टी डोअर नंतर बाहेरच्या सुताराकडून करता येतं, पण त्यासाठी मुख्य दाराच्या चौकटीला दोन्ही बाजूंनी खाच असायला हवी. चौकट बसण्याआधी एवढंच विचारा.

> तपासा : यादी बिल्डरला देण्याआधी प्रत्येक पॉइंटची जमिनीपासूनची उंची आणि जवळच्या भिंतीपासूनचं अंतर प्लॅनवर लिहिलं आहे ना? ‘बेडच्या बाजूला एक सॉकेट’ असं लिहिलेलं काम साइटवर कुठेही निघू शकतं.

## टप्पा ४ : उघड्या राहणाऱ्या गोष्टींना बहुतेक ‘नको’ म्हणा

मॉड्यूलर किचन, वॉर्डरोब, फॉल्स सीलिंग, दिवे, पंखे, गीझर, चिमणी, आरसे, पडदे हे सगळं नंतर घ्या. बिल्डरच्या पॅकेजमध्ये प्लायचा दर्जा, बिजागरी आणि चॅनेल कोणते हे बहुधा लिहिलेलं नसतं. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये एक फेरी मारली की प्लायच्या प्रतींमधला आणि दरांमधला फरक कळतो. दिवे आणि वायरिंगच्या सामानाचे दर तपकीर गल्लीत विचारता येतात. शिवाय घरात महिना-दोन महिने राहिल्यावर कपाटं कुठे हवीत, हे जास्त स्पष्ट होतं.

ट्रॉल्या नंतर करणार असाल, तर बिल्डरला एक निरोप आत्ताच द्या: ओट्याखाली कडाप्प्याचे आडवे-उभे कप्पे घालू नका. नाहीतर ट्रॉल्यांसाठी तेच तोडावे लागतात.

रंगाचं अपग्रेड घेऊ नका. नव्या भिंतीत ओल असते आणि पहिला पावसाळा गेल्याशिवाय कुठली भिंत पाझरते ते कळत नाही. महागडा रंग किंवा वॉलपेपर जून ते सप्टेंबर काढल्यानंतरच.

बाल्कनी आत घेणं किंवा भिंत काढून खोली मोठी करणं कोणी ‘करून देऊ’ म्हणालं, तर मंजूर नकाशात ते आहे का, एवढंच विचारा. नकाशात नसेल, तर विषय संपला.

मधली एक गोष्ट उरते, ती म्हणजे हॉल आणि खोल्यांची फरशी. ती उघडी असली तरी नंतर बदलणं अवघड असतं. जुनी फोडायची, राडारोडा उतरवायचा, स्कर्टिंग (भिंतीच्या पायथ्याची टाइलची पट्टी) पुन्हा करायचं. जुन्या टाइलवर नवी बसवली तर जमीन वर येते, दारं तासावी लागतात आणि बाथरूमच्या उंबऱ्याशी पातळी बिघडते. म्हणून मिळणारी टाइल खरोखरच नकोशी असेल, तर बिल्डरचा दर थोडा जास्त असूनही हे अपग्रेड घेण्यासारखं आहे. नुसता ‘दोन बाय दोन’ फुटांच्या टाइलऐवजी ‘दोन बाय चार’चा मोह असेल, तर सोडून द्या. लहान खोलीत मोठ्या टाइलची कापाकापी जास्त होते आणि ती सपाट बसवायला चांगला कारागीर लागतो.

## टप्पा ५ : फरकाचा हिशेब मागा

बिल्डरचं सामान तुम्ही फ्लॅटच्या किमतीत आधीच विकत घेतलेलं आहे. त्यामुळे अपग्रेडचे पैसे फरकाचे हवेत. समजा फरशी ५०० चौरस फुटांची आहे, बिल्डरची टाइल चौरस फुटाला ५५ रुपयांची आहे आणि तुम्ही निवडलेली ९० रुपयांची. सामानातला फरक चौरस फुटाला ३५ रुपये, म्हणजे १७,५०० रुपये. बसवण्याची मजुरी आणि सिमेंट दोन्हीकडे जवळपास तेवढंच. तरी दरपत्रकात ४०,००० असतील, तर मूळ टाइलची वजावट दिली का, हे लेखी विचारा. बहुतेक वेळा उत्तर देताना आकडा खाली येतो.

बाजारभाव घेताना मेक, माप आणि प्रत तीच असली पाहिजे. कात्रज-कोंढवा रस्त्यावरच्या टाइल्स-ग्रॅनाइटच्या दोन-तीन दुकानांत तोच नमुना दाखवून दर विचारा. हवी ती वस्तू बिल्डरकडे मिळत नसेल, तर त्याच्याकडून वजावट घेऊन ती फिटिंग ‘नको’ म्हणण्याचाही पर्याय असतो. तो फक्त नळ-दिव्यांसाठी वापरा, वॉटरप्रूफिंगशी जोडलेल्या कामासाठी नको.

## टप्पा ६ : पैसे करारनाम्यात की बाहेर?

करारनामा अजून नोंदवलेला नसेल, तर हा प्रश्न पैसे वाचवतो. बांधकाम सुरू असलेल्या घरावर एप्रिल २०१९ पासून ५ टक्के जीएसटी आहे. पुणे शहरात मुद्रांक शुल्क मेट्रो अधिभारासह ७ टक्के आहे आणि घर फक्त महिलेच्या नावावर असेल तर १ टक्का कमी. एक्स्ट्रा वर्कचं वेगळं बिल केलं, तर त्यावर बिल्डर साधारणपणे १८ टक्के जीएसटी लावतात.

म्हणजे दोन लाखांचं काम करारनाम्याच्या किमतीत गेलं, तर जीएसटी १०,००० आणि मुद्रांक शुल्क १४,००० असे २४,००० रुपये. वेगळं बिल केलं तर ३६,०००. नोंदणी शुल्काची कमाल मर्यादा ३०,००० रुपये आहे, त्यामुळे ३० लाखांवरच्या घराला तिथे काही वाढत नाही. शिवाय ते काम करारनाम्याचा भाग बनतं, हा फायदा मला करापेक्षा मोठा वाटतो.

> सावध : किंमत ४५ लाखांच्या आत आणि कार्पेट (घराच्या आतलं वापराचं क्षेत्रफळ) ९० चौरस मीटरपर्यंत असेल, तर पुण्यात परवडणाऱ्या घराचा १ टक्का जीएसटी लागतो. एक्स्ट्रा वर्कमुळे एकूण रक्कम ४५ लाखांच्या वर गेली, तर दर ५ टक्के होऊ शकतो, म्हणजे जवळपास १ लाख ८० हजारांचा फरक. या सीमेवर असाल, तर आधी सीएला विचारा.

कर्जात घातलेलं अपग्रेड स्वस्त वाटतं. ८.५ टक्के व्याजाने २० वर्षांत एका लाखाची परतफेड सुमारे २ लाख ८ हजार होते. भिंतीत आणि फरशीखाली जाणाऱ्या पाइपांसाठी हे चालेल. सात-आठ वर्षांत जुन्या होणाऱ्या गीझर-चिमणीसाठी नको.

## टप्पा ७ : ऑर्डर कागदावर

ऑर्डरमध्ये कामाचं वर्णन, मेक, माप, दर, वजावट, कर, पूर्ण होण्याची तारीख आणि सही केलेला पॉइंटचा प्लॅन हवा. सगळे पैसे आधी भरू नका. निम्मे ऑर्डरला आणि उरलेले काम पाहिल्यावर, असं मागून बघा. पावती बिल्डरच्या फर्मच्या नावाची हवी. एक्स्ट्रा वर्कमुळे पझेशनची तारीख पुढे जाणार नाही, हेही त्यात लिहून घ्या. नाहीतर उद्या उशिराचं कारण तेच सांगितलं जाईल.

> सावध : साइटवरचा सुपरवायझर किंवा ठेकेदार ‘ऑफिसला कशाला, मी अर्ध्यात करतो’ म्हणाला, तर रोख पैसे देऊ नका. ते काम कुठल्याच कागदावर नसतं आणि बिघडलं की तो माणूस दुसऱ्या साइटवर गेलेला असतो.

## टप्पा ८ : भिंत बंद होण्याआधी बघून या

परवानगी घेऊन, हेल्मेट घालून साइटवर जा. पॉइंटचा प्लॅन आणि टेप बरोबर न्या. गिलाव्याआधी किंवा मिवान असेल तर काँक्रीटआधी, प्रत्येक भिंतीचा टेप लावून फोटो काढा. पुढे खिळा ठोकताना हेच फोटो कामाला येतात. कमी पडलेला पॉइंट त्याच दिवशी ईमेलने कळवा.

बाथरूमच्या वॉटरप्रूफिंगनंतर पाणी साठवून चाचणी केली का, ते विचारा. ४८ तास पाणी ठेवून खालच्या मजल्याचं छत कोरडं राहिलं पाहिजे. टाइल्स बसल्यावर नाण्याने टकटक करा, पोकळ आवाज येणाऱ्या टाइल्सवर खडूने खूण करा. बादलीभर पाणी ओतून ते जाळीकडे जातं की दाराकडे, तेही बघा. ढाळ चुकला असेल तर तो पझेशनआधीच दुरुस्त होतो.

पझेशन घेताना प्रत्येक सॉकेटमध्ये चार्जर लावून बघा, आरसीसीबीचं टेस्टचं बटण दाबा आणि एक्स्ट्रा वर्कच्या यादीवर ओळीने टिक करा. राहिलेलं काम पझेशनच्या कागदावर लिहिल्याशिवाय सही करू नका. तुमच्या बॅचच्या एक-दोन पेट्या टाइल्स मागून घ्या. पुढे एखादी फुटली तर त्याच छटेची बाजारात मिळत नाही.

रेरा कायद्यानुसार पझेशनपासून ५ वर्षांत बांधकामातला किंवा कामाच्या दर्जातला दोष दाखवून दिला, तर बिल्डरने तो ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करायचा असतो. तक्रार फोनवर न करता ईमेलने, फोटो जोडून करा आणि एक्स्ट्रा वर्कची ऑर्डर आणि पावत्या करारनाम्याच्याच फाइलमध्ये ठेवा.